विक्री वाढतेय, तोटाही वाढतोय. मुलीला ईव्ही कंपनीत पाठवावं का?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. मुलगी यंदा मेकॅनिकल इंजिनिअर झाली. पुण्याच्या एका इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीनं तिला उत्पादन विभागात घेतलंय. पण या कंपनीची विक्री वाढतेय तसा तोटाही वाढतोय, असं वाचलं. तिला पाठवावं की इथंच एखाद्या फौंड्रीत लावावं?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. तुमची शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर तुमच्याच शॉपमध्ये आहे. व्हीएमसीचा (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) हप्ता, ऑपरेटरचा पगार, शेडचं भाडं हे जॉब असो-नसो चालूच राहतं. म्हणून मशीन रिकामं ठेवण्यापेक्षा थोडा कमी दर घेऊनही आपण काम धरतो. पण मिळणारा दर हा टूल, वीज आणि रिजेक्शन (नापास झालेले नग) यांच्या खर्चाच्याही खाली गेला, तर जितके नग जास्त तितका खड्डा मोठा.

ईव्ही कंपनीचं गणितही इथंच अडतं. गाडीच्या किमतीतून बॅटरी, मोटर, कंट्रोलर, बाकीचे भाग आणि वॉरंटीचा खर्च वजा केल्यावर काही उरतं का? उरत असेल, तर तोटा प्लांट, संशोधन आणि शोरूमवरच्या खर्चाचा आहे. विक्री वाढेल तसा तो भरून निघू शकतो. उरतच नसेल, तर तो आतबट्ट्याचा धंदा.

नफ्यातल्या कंपनीलाही ही ओढाताण चुकलेली नाही. 2023 मध्ये टेस्लानं किमती उतरवल्या. वर्षाची विक्री 13 लाखांवरून 18 लाख गाड्यांवर गेली, पण ऑपरेटिंग मार्जिन (विक्रीतून धंद्याचा खर्च जाऊन उरणारा वाटा) 16.8 टक्क्यांवरून 9.2 टक्क्यांवर आलं. गाठीला नफा होता म्हणून त्यांना ते झेपलं. आपल्याकडं धक्का बसला अनुदानाचा. 1 जून 2023 पासून केंद्र सरकारच्या फेम-2 या ईव्ही अनुदान योजनेत इलेक्ट्रिक दुचाकीचं अनुदान बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॅट-तासाला 15,000 रुपयांवरून 10,000 वर आलं आणि कमाल मर्यादा किमतीच्या 40 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर. दर वाढवावा तर गिऱ्हाईक जातं, न वाढवावा तर मार्जिन. त्या महिन्यात इलेक्ट्रिक दुचाकींची विक्री धाडकन खाली आली.

म्हणून आता खरी लढाई खर्चाची आहे. निकेल-कोबाल्टऐवजी स्वस्त एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरी सेल वापरायचे, भागांची संख्या घटवायची, अनेक मॉडेलना एकच चासी चालवायची. टेस्लानं मॉडेल वायच्या मागच्या सांगाड्यातले सुमारे 70 तुकडे काढून त्या जागी ॲल्युमिनिअमचं मोठं कास्टिंग (साच्यात ओतलेला भाग) आणलं. (मोटरचं हाउसिंगही बहुतेक ॲल्युमिनिअमचंच असतं. आपल्याकडच्या बहुतेक फौंड्र्या लोखंडाच्या, तेव्हा तुमच्या शॉपनंही याकडं लक्ष ठेवावं.)

इथं तुमच्या मुलीची जागा आहे. ब्लोहोल (ओतकामात राहिलेली हवेची पोकळी) मशीनिंग झाल्यावर दिसलं, की कास्टिंगचे पैसे तर जातातच, वर मशीनचे तासही जातात, हे तिनं घरी जेवताना ऐकलेलं असणार. ही जाण पुस्तकातून लवकर येत नाही. मागणी घटली की लाइनवरची माणसं आधी कमी होतात. कॉस्टिंग (खर्चाचा हिशेब), व्हॅल्यू इंजिनिअरिंग (काम तेच ठेवून खर्च घटवणं), सप्लायर क्वालिटी (पुरवठादारांच्या मालाचा दर्जा) या विभागांना मात्र कंपनी वाढतानाही काम असतं आणि हात आखडता घेतानाही.

फौंड्री मी वाईट म्हणत नाही. ट्रॅक्टर, ट्रक, पंप यांचं काम उद्या संपणार नाही. पण तिथं ती केव्हाही परत येऊ शकते. माझ्या मते तिला पाठवा.

फक्त जाण्याआधी तिला स्वतः विचारू द्या : नेमणूक कंपनीच्या रोलवर की कंत्राटावर? बॉण्ड आहे का? प्लांटची क्षमता किती, आणि आज महिन्याला गाड्या किती निघतात? कंपनी शेअर बाजारात असेल तर तिमाही निकाल बाजाराच्या वेबसाइटवर मिळतात. गेल्या चार तिमाहींत विक्रीच्या तुलनेत मालावरचा खर्च घटतोय का, ते दोघांनी मिळून बघा. घटत असेल तर निर्धास्त जाऊ दे. विक्रीइतकाच किंवा त्याहून जास्त होत असेल, तर दुसरी ऑफर हातात येईपर्यंत थांबा.

रुजू झाल्यावर वर्षभर लाइन नीट शिकून मग कॉस्टिंगला बदली मागायची. सोबत सीएमएचा (कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेचा) अभ्यास झेपला तर उत्तम. पदवी असल्यानं तिला पहिला फाउंडेशनचा टप्पा वगळून थेट इंटरमिजिएटला नोंदणी करता येईल.