वाचकांचे प्रश्न : ठासणीची बंदूक आणि पर्यायी दारू

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. तिथे हरणांच्या शिकारीचा एक हंगाम केवळ चकमकीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून गारगोटीच्या ठिणगीने पेटवायच्या, बंदुकांसाठी राखून ठेवलेला असतो, म्हणून त्याने जुन्या घाटाची, पण नव्याने बनवलेली अशी एक बंदूक घेतली. जवळच्या दुकानात खरी काळी दारू नव्हती, म्हणून त्याने पायरोडेक्स ही पर्यायी दारू आणली. आता पुष्कळदा रंजक (बाहेरच्या वाटीतली पेटवणीची दारू) भपकन पेटते, पण बार उडत नाही. दोष बंदुकीचा की दारूचा?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : दोष बहुधा दोहोंचाही नाही; जोडी चुकली आहे. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या वाटीतल्या रंजकेवर पडतात आणि रंजकेची ज्वाळा नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून आत शिरते. आत पोहोचेपर्यंत ती क्षीण झालेली असते. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू तेवढ्या ज्वाळेनेही पेट घेते. पायरोडेक्सला पेटण्यासाठी अधिक उष्णता लागते. टोपीच्या बंदुकीत (जिथे गारगोटीऐवजी आघाताने फुटणारी छोटी टोपी असते) टोपीचा जोरदार जाळ थेट दारूवर जातो, त्यामुळे तिथे ही अडचण कमी जाणवते. म्हणून चकमकीच्या बंदुकीत रंजक आणि मुख्य बार दोन्ही खऱ्या काळ्या दारूचेच ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रंजकेला अगदी बारीक दाण्याची आणि नळीत त्याहून जाड दाण्याची दारू वापरतात.

काळी दारू दुकानात का मिळाली नाही, याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत ती स्फोटक म्हणून गणली जाते आणि तिच्या साठवणुकीचे व वाहतुकीचे नियम कडक आहेत. 1970 च्या दशकात पायरोडेक्स आले, ते प्रामुख्याने ही अडचण दूर करण्यासाठी. तुलनेने सौम्य वर्गात मोडत असल्यामुळे साधा दुकानदारही ते ठेवू शकतो. थोडक्यात, पर्यायी दारू साठवायला सोयीची आहे म्हणून ती प्रत्येक बंदुकीला सोयीची असते, असे नाही.

मापाबाबत मुलाला आवर्जून सांगा. ठासणीच्या बंदुकीचा बार वजनाने नव्हे, तर मापट्याने, म्हणजे आकारमानाने मोजतात. पायरोडेक्स काळ्या दारूपेक्षा बरेच हलके असते, त्यामुळे काळ्या दारूच्या वजनाइतकेच ते तराजूवर तोलून भरले, तर बार बेताबाहेर जातो. ट्रिपल सेव्हन नावाच्या दुसऱ्या पर्यायात गंधक नसते आणि जोर मात्र अधिक असतो, म्हणून तिचे उत्पादकच मापात सुमारे 15 टक्के घट करायला सांगतात. ब्लॅकहॉर्न 209 ही पर्यायी दारू तर बंदुकीच्या काडतुसातला आधुनिक प्रायमर (दारू पेटवणारा भाग) वापरणाऱ्या नव्या बंदुकांसाठीच आहे. चकमकीवर ती चालणार नाही. आणि आधुनिक काडतुसांतली धूरविरहित दारू ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरही घालू नये. तिचा दाब इतक्या झपाट्याने वाढतो, की नळी फुटून नेम धरणाऱ्याचा हात किंवा डोळा जाऊ शकतो.

बार फसल्यावर नळी निशाणाकडेच रोखून निदान एक मिनिट थांबावे, कारण दारू आत धुमसत राहून उशिरा पेटू शकते. पुन्हा भरताना दारू थेट डब्यातून नळीत ओतू नये. आत एखादी ठिणगी उरली असेल तर आख्खा डबा हातात पेटतो. गोळी दारूला नीट टेकेपर्यंत गजाने ठासावी. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फाटते.

प्रश्न : आमच्या सावंतवाडीकडच्या घरातली आजोबांची ठासणीची बंदूक आता गिरगावच्या घरी आणली आहे. दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी एक बार काढावा, अशी घरातल्या मोठ्यांची इच्छा आहे. परदेशातून पर्यायी दारूचा डबा मागवला तर चालेल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : बार काढू नये, आणि डबाही मागवू नये. विमानाच्या सामानातून अशी दारू आणता येत नाही, आणि आपल्याकडे दारू बाळगण्याला व बनवण्याला शस्त्र व स्फोटक कायदे लागू होतात. घरी कोळसा-गंधक कुटून दारू करण्याचा विचार तर कोणी बोलूनही दाखवू नये.

पहिला प्रश्न परवान्याचा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात पुराणवस्तू ठरणाऱ्या शस्त्रांना सवलत आहे, पण ती दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत अशाच शस्त्रांना. तुमची बंदूक बार काढण्याजोगी असेल तर तिला परवाना हवा, आणि आजोबांचा परवाना वारसांच्या नावावर आपोआप येत नाही. मुंबईत हे काम पोलीस आयुक्तांच्या कार्यालयाकडे असते. तोवर बंदूक घरी ठेवणेही बेकायदेशीर ठरू शकते, म्हणून ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याबद्दल वकिलाशी आधी बोला, पूजेची तयारी नंतर.

दुसरी गोष्ट मला अधिक काळजीची वाटते. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेतच माळ्यावर पडून राहिलेल्या सापडतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू पिढ्या उलटल्या तरी निकामी होत नाही. नळीचे तोंड कोणाच्याही दिशेने नाही याची खात्री करून, स्वतः तोंडासमोर न येता कडेला उभे राहून, एक सरळ लाकडी काठी अलगद आत सोडा आणि तोंडाशी खूण करा. मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून पाहा. काठीचे टोक कानाच्या छिद्रापाशी, म्हणजे ज्वाळा आत शिरते त्या बारीक छिद्रापाशी, आले, तर नळी रिकामी असण्याची शक्यता आहे. त्याच्या दोन-चार बोटे अलीकडेच थांबले, तर आत बार आहे असे समजा. तसे असल्यास तो स्वतः उपसू नका, तापवू तर मुळीच नका. परवानाधारक बंदूक-कारागिराला बोलवा. टोपी किंवा रंजक नाही म्हणून धोका नाही, असे धरून चालू नका.

नळीचा भरवसा बाहेरून दिसणाऱ्या चकाकीवर ठेवता येत नाही. अशा कित्येक नळ्या लोखंडाच्या पट्ट्या गुंडाळून, भट्टीत सांधून केलेल्या असतात, आणि आतून गंजाने पोखरलेला सांधा डोळ्यांना दिसत नाही. त्यात मुंबईची हवा. दारूची काजळी दमट हवेतले पाणी ओढून घेते, आणि पायरोडेक्ससारख्या पर्यायांत पोटॅशियम परक्लोरेट असल्यामुळे मागे क्षार उरतो, जो लोखंडाला समुद्राच्या खाऱ्या हवेइतकाच झोंबतो. नुसते तेल चोळून तो निघत नाही. नळी रिकामी असल्याची कारागिराकडून खात्री झाल्यावर ती साबणाच्या गरम पाण्याने धुवून, पूर्ण कोरडी करून, मगच तेलाचा हात फिरवावा आणि पावसाळ्यात दर काही आठवड्यांनी आत पाहावे. कागदपत्रे पूर्ण झाल्यावर हळद-कुंकू आणि आपट्याची पाने वाहून तिची पूजा अवश्य करा. हळद-कुंकवाची बोटे मात्र दस्त्यावर उमटवा, लोखंडावर नको, कारण ओले कुंकू तिथेच गंज धरते.