ओलाव्याचा सेन्सर: आकड्यावर विश्वास कधी ठेवावा?

प्रश्न : ठिबकाखालच्या शेतात ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर बसवला आहे. पाणी दिल्यावरही मोबाइलवर माती कोरडी दिसते, उकरून पाहिलं तर ओली लागते. सेन्सर बिघडला असेल का?

उत्तर : बहुतेक वेळा सेन्सर चांगला असतो, तो बसवताना चूक झालेली असते. आधी जागा तपासा. दोन ड्रिपरच्या मधोमध, ओल पोहोचतच नाही अशा जागी तो असेल तर कोरडंच दाखवणार. ड्रिपरपासून १० ते १५ सेंटिमीटरवर ठेवा.

जागा बरोबर असेल तर सेन्सरच्या मातीत रुतवलेल्या पात्याभोवती पोकळी आहे का ते पाहा. हा सेन्सर माती विद्युतभार किती साठवते ते मोजतो. हवेची क्षमता १ धरली, तर कोरड्या मातीची ३ ते ५ आणि पाण्याची सुमारे ८०. त्यामुळे पात्याला लागून बारीकशी फट राहिली तरी आकडा एकदम खाली येतो. भारी जमीन सुकताना आकसते आणि पात्यापासून सुटते, म्हणून सुरुवातीला नीट चालणारा सेन्सरही पुढे चुकायला लागतो.

सेन्सर काढा आणि गिरमिटाने पात्याला पुरेल एवढंच भोक पाडा. त्याच खोलीची माती चाळून, खडे काढून पाण्यात कालवा. ही राबडी भोकात ओतून पातं हाताने दाबा. हातोडी अजिबात नको. वरची माती ज्या थरातून निघाली त्याच थरात परत दाबून भरा, नाहीतर पाणी केबलच्या कडेने थेट सेन्सरपर्यंत उतरतं आणि शेत कोरडं असताना ओलं दिसतं. त्यानंतर पाण्याच्या एक-दोन पाळ्या होईपर्यंत त्या आकड्यावरून निर्णय घेऊ नका.

खारवट जमिनीत उलटा दोष येतो. क्षारांमुळे आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, ठिबकातून खत सोडल्यावरही तसंच होतं.

प्रश्न : ॲपवर २५ टक्के दिसतं. हे पुरेसं आहे की कमी?

उत्तर : नुसत्या टक्क्यावरून ते सांगता येत नाही. २५ टक्के ओलावा वाळूत भरपूर असतो, तर चिकणमातीत तेवढ्यावर पीक सुकायला टेकलेलं असू शकतं. आपल्या शेताची खूण आपणच ठरवायची. भरपूर पाणी द्या. हलक्या जमिनीत साधारण एक दिवसाने, भारी जमिनीत दोन-तीन दिवसांनी, जादा पाणी निचरून माती वाफशावर आली की त्या वेळचा आकडा लिहून ठेवा. पुढची पाळी या आकड्यापासून ओलावा किती उतरला यावरून ठरवा.

सेन्सर पडताळायचा असेल तर त्याच्याजवळची माती ताबडतोब तोला, ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा तोला. ओली १२० ग्रॅम, वाळलेली १०० ग्रॅम भरली तर वजनाने ओलावा २० टक्के. ॲप बहुधा आकारमानाने टक्के दाखवतं, म्हणून याला मातीच्या घनतेने, म्हणजे एक घन सेंटिमीटर वाळलेल्या मातीच्या ग्रॅममधल्या वजनाने, गुणा. घनता १.३ असेल तर २६ टक्के.

परवडत असेल तर दोन सेन्सर लावा, एक १५ ते २० सेंटिमीटरवर, दुसरा ४० ते ४५ वर. उथळ मुळांच्या पिकात खालचा आकडा प्रत्येक पाळीनंतर वाढत असेल, तर पाणी आणि सोबत खत मुळांच्या खाली निसटतं आहे. आमच्या मते सेन्सरचा खरा फायदा हाच आहे, कारण जमिनीवरून हे दिसतच नाही.

प्रश्न : शेतात मोबाइलची रेंज कमजोर आहे. आमच्या गटाने मिळून व्यवस्था केली तर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि लहान शेतीला तेच परवडतं. लोरा हा कमी विजेवर दूरवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ. त्याचं एक गेटवे, म्हणजे सेन्सरचे आकडे गोळा करून इंटरनेटवर पाठवणारं यंत्र, इंटरनेट मिळेल अशा उंच जागी लावा. मोकळ्या रानात ते काही किलोमीटरवरचे सेन्सर पकडतं. टेकडी आणि दाट झाडीने हे अंतर बरंच घटतं. शेतातला अँटेना आजच्या नव्हे, पूर्ण वाढलेल्या पिकाच्या वर राहील असा उभारा. अँटेना जोडल्याशिवाय रेडिओ सुरू करू नका, तो जळू शकतो. तासाला एक नोंद पुरते. दर मिनिटाला पाठवली तर बॅटरी लवकर संपते. सौर पॅनल पुसणं आणि सिमचं रिचार्ज ही कामं नावानिशी वाटून घ्या.

पंप सेन्सरवर आपोआप चालवायची घाई नको. एक हंगाम आकडे पाहून हातानेच चालू-बंद करा. स्वयंचलित केलाच तर जास्तीत जास्त किती वेळ चालेल याची मर्यादा टायमरने बांधा, कारण केबल तुटली की बऱ्याच यंत्रणा माती कोरडी आहे असं समजतात आणि पंप थांबतच नाही.