'भिडस्त' आणि 'लाजाळू' यांचा अर्थ एकच आहे का?

नाही. लाजाळू माणूस चारचौघांत बोलायलाच बुजतो. भिडस्त माणूस छान गप्पा मारेल, पण 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याची जीभ अडते. उसने दिलेले पैसे मागायला तो तीनदा फोन करतो आणि तिन्ही वेळा नुसती तब्येत विचारून ठेवून देतो. तो भित्राही नव्हे. भित्र्याला स्वतःची काळजी असते, याला समोरच्याचं मन मोडवत नाही.

मूळ शब्द 'भीड'. म्हणून भिडेखातर होकार दिला जातो, ओळख वाढली की भीड चेपते आणि स्पष्टवक्ता भीडभाड न ठेवता बोलतो. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण त्यातला तोटा सांगते. मला मात्र 'भिडस्त' शब्दात दोषापेक्षा मायाच जास्त ऐकू येते.