शाळेतल्या पुस्तकबंदीला विरोध सरसकट असावा का?

तुम्ही विचारलंय की शाळेतल्या पुस्तकबंदीला सरसकट विरोध करावा की काही अपवाद मानावेत. दापोली तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षं ग्रंथालय सांभाळलं. माझं मत असं: विचार पटत नाही म्हणून पुस्तक काढायला निघाले असतील, तर विरोध सरसकटच हवा. बाकी कारणं एकेक करून तपासावीत.

आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते, पानं एकमेकांना चिकटून बसतात. ती पुस्तकं निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून कायमची कमी करायच्या पुस्तकांच्या यादीत घालावीच लागतात. प्लूटोला नववा ग्रह म्हणणारं पुस्तक 2006 नंतर विज्ञानाच्या कप्प्यात ठेवू नये. अत्याचाराची वर्णनं असलेली कादंबरी पाचवीतल्या मुलाला देऊ नये, दहावीतल्या मुलीने मागितली तर जरूर द्यावी. याला कुणी बंदी म्हणत नाही.

मला धास्ती वाटते ती त्याच निर्लेखनाच्या यादीची. कुणी वजनदार माणूस नाराज होतो, वाद नको म्हणून धडधाकट पुस्तकापुढे ‘जीर्ण’ असा शेरा पडतो आणि पुस्तक जातं. ना बैठक, ना कारणाची नोंद. अशा बंदीविरुद्ध दाद तरी कुठे मागणार?

अमेरिकेत 1982 साली पिको खटल्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, पण निकालाचा रोख असा होता की निव्वळ विचार आवडत नाहीत म्हणून शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तकं काढता येणार नाहीत. आपल्याकडे तर हे जास्तच लागू पडतं. शाळेने नाही म्हटलं तर वाडीवरच्या पोरीने पुस्तक आणायचं कुठून? तालुक्याच्या वाचनालयात जायचं तर एसटीचं भाडं, वेळ आणि घरच्यांची परवानगी, तिन्ही लागतात. तिच्यापुरती ती पूर्ण बंदीच.

आणि भावना दुखावल्या हे कारण किती तकलादू असतं, ते आमच्याच तालुक्यातल्या मुरुडच्या कर्वे घराण्याने सोसलंय. र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 साली त्यांची बाजू खुद्द डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी दंड झालाच. मासिक शाळकरी मुलांसाठी नव्हतं, हे मान्य. पण ज्या संततिनियमनाचा त्यांनी प्रचार केला, त्याची माहिती आज सरकारी आरोग्यसेविका घरोघर जाऊन देतात.

पालकांचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. आपल्या मुलाला एखादं पुस्तक नको, हे सांगायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. दुसऱ्याच्या मुलाबद्दल नाही. तक्रार लेखी घ्या, कुठलं पान खटकलं ते विचारा, अख्खं पुस्तक वाचलेल्या दोघातिघांना बैठकीला बसवा आणि कारण इतिवृत्तात लिहून सह्या घ्या. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहू दे, आणि कुणी मागितलं तर देत राहा.