फोन लागतो, पण साइट उघडत नाही

प्रश्न (खानापूर) : जुन्या संगणकावर लिनक्स आहे, बाहेरून ५६केचा मॉडेम जोडलाय. डब्ल्यूव्हीडायल (नंबर फिरवून जोडणी करणारा प्रोग्राम) चालवला की नंबर लागतो, किरकिर थांबते, लोकल आणि रिमोट असे दोन आयपी पत्तेही दिसतात. साइट मात्र एकही उघडत नाही. मॉडेम बदलावा का?

उत्तर : मुळीच नको. दोन्ही पत्ते मिळाले, म्हणजे मॉडेम, लाइन आणि पासवर्ड ठीक आहेत. घोडं अडलंय ते त्यापुढे. आधी ८.८.८.८ या आकडी पत्त्याला पिंग करा (उत्तर येतं का ते बघा), मग एखाद्या साइटच्या नावाला.

आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा. पीपीपीच्या (फोनवरून इंटरनेट जोडण्याच्या पद्धतीच्या) ऑप्शन्स फाइलमध्ये ‘यूजपीअरडीएनएस’ हा शब्द मध्ये जागा न सोडता लिहा. त्यामुळे पीपीपीडी (ही जोडणी सांभाळणारा प्रोग्राम) डीएनएस सर्व्हरचे पत्ते /ईटीसी/पीपीपी/रिझॉल्व्ह.कॉन्फ मध्ये उतरवून ठेवतो. ब्राउझर मात्र /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ बघतो! नाव एकच, फाइली दोन. पुष्कळांची फसगत इथेच होते. पहिलीतला मजकूर दुसरीत नेण्याचं काम आयपी-अप ही स्क्रिप्ट करते. ती नसेल तर जोडणी झाल्यावर मुख्य वापरकर्ता (root) होऊन फाइल हाताने कॉपी करा.

आकड्यालाही उत्तर नसेल, तर ‘रूट -एन’ (route -n, माहितीच्या वाटा दाखवणारी आज्ञा) द्या. ०.०.०.० ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पीपीपी० हवं. तिथे ईटीएच० दिसलं, तर बाहेर जाणारी सगळी माहिती फोनऐवजी लॅन कार्डाकडे जातेय. पीपीपीडी आधीचा डीफॉल्ट रूट (बाहेर जाणाऱ्या माहितीची ठरलेली वाट) आपणहून काढत नाही. लॉगमध्ये ‘नॉट रिप्लेसिंग एक्झिस्टिंग डीफॉल्ट रूट’ अशी ओळही टाकतो. आधी जोडणी तोडा, ‘रूट डेल डीफॉल्ट’ द्या, मगच पुन्हा डायल करा. कारण नवा रूट जोडणी होतानाच बसतो. कायमचा उपाय म्हणजे लॅन कार्डाच्या सेटिंगमधली गेटवेची ओळ काढणं. त्याने शेजारच्या संगणकाशी असलेली जोडणी तुटत नाही.

प्रश्न (निपाणी) : आमच्या तंबाखूच्या वखारीत इंटरकॉम आहे, बाहेरच्या लाइनसाठी ० दाबावा लागतो. मॉडेम लगेच ‘नो डायलटोन’ म्हणतो. रिसीव्हर उचलला तर टोन येतो.

उत्तर : इंटरकॉमचा टोन एक्स्चेंजच्या टोनपेक्षा वेगळा असतो, तो मॉडेमला ओळखू येत नाही. डब्ल्यूव्हीडायल.कॉन्फ मध्ये ‘इनिट३ = एटीएक्स३’ ही ओळ घाला; मग मॉडेम टोनची वाट न बघता डायल करतो, एंगेज टोन मात्र ओळखतो. नंबरच्या आधी ० आणि दोन स्वल्पविराम लिहा. एका स्वल्पविरामाला साधारण २ सेकंद, म्हणजे बाहेरची लाइन मिळायला ४ सेकंद मिळतात. तेवढ्याने लागलं नाही तर तिसरा वाढवा.

एक लक्षात ठेवा : एक्स३ दिल्यावर लाइन बंद असली तरी मॉडेम नंबर फिरवतो आणि बराच वेळ थांबून ‘नो कॅरिअर’ देतो. तसं दिसलं तर सेटिंगला हात लावण्याआधी ० दाबून कानाने टोन ऐका.