वाचकांचे प्रश्न : हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी मत कुठे द्यायचं?

नवीन मतदारांच्या नोंदणीबद्दल बरीच पत्रं आलीत, त्यातली बहुतेक घरापासून लांब शिकणाऱ्या मुलामुलींची आहेत, म्हणून यावेळी एकाच विषयावरचे प्रश्न घेतेय.

प्रश्न : ताई, मी अमरावतीची, पुण्याला इंजिनिअरिंग करते, हॉस्टेलवर असते. माझं नाव घरच्या यादीत आहे. २०२४ च्या लोकसभेला परीक्षा तोंडावर होती म्हणून जाणं जमलंच नाही. इथे नाव नोंदवायचं म्हटलं तर ऑफिसमधले म्हणतात तुम्ही बाहेरगावच्या, तुमची नोंदणी इथे होत नाही. खरंच होत नाही का?

उत्तर : होते गं. कुणी नाही म्हटलं तरी मागे हटू नकोस. निवडणूक आयोगाने हे स्पष्ट सांगितलंय की शिक्षणासाठी हॉस्टेलवर किंवा मेसमध्ये राहणारा विद्यार्थी आईवडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवू शकतो नाहीतर हॉस्टेलच्या पत्त्यावर नोंदवू शकतो, निवड त्याची. अट एवढीच की कोर्स मान्यताप्राप्त पाहिजे आणि किमान एक वर्षाचा पाहिजे, म्हणजे तुझा प्रश्नच नाही. सोबत कॉलेजचं बोनाफाईड जोडायचं, प्राचार्य, रजिस्ट्रार किंवा डीनच्या सहीचं. त्याचा आयोगाने ठरवून दिलेला नमुना आहे, तोच प्रिंट करून ऑफिसात घेऊन जा, म्हणजे क्लार्कला पण विचार करत बसावं लागत नाही.

तुझं नाव आधीच यादीत आहे म्हणून तू फॉर्म ६ भरायचा नाही, तो पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांचा. तुझा फॉर्म ८, पत्ता बदलण्याचा. बरीच मुलं इथेच घोळ घालतात, नव्या शहरात परत फॉर्म ६ भरतात आणि त्यात 'माझं नाव दुसरीकडे कुठे नाही' असं लिहून सही करतात. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याने बंदी आहे आणि खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, तेव्हा ती सही हलक्यात घ्यायची नाही. फॉर्म ८ भरला की तिकडचं नाव निघून इकडे येतं. शिक्षण संपलं की पुन्हा फॉर्म ८ भरायचा आणि परत जायचं, कितीही वेळा जागा बदलली तरी रस्ता हाच.

आता कुठे ठेवायचं ते तू ठरव, पण एक बघ. २०२४ ला महाराष्ट्रात लोकसभेचं मतदान पाच टप्प्यांत झालं, अमरावतीला २६ एप्रिलला आणि पुण्याला १३ मेला. तुझं मतदान होतं त्या दिवशी पुण्यात कॉलेज नेहमीसारखं चालू, आणि पुण्याला सुट्टी मिळाली तेव्हा तुझं मतदान कधीच होऊन गेलेलं. दरवेळी असंच होईल असं नाही, पण रात्रभराचा प्रवास करून जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत परीक्षेला बसायचं हे कितीजणींना जमणार? वर्षातले दहा महिने तू जिथे राहतेस तिथलं पाणी, रस्ते, बस, रात्री परत येताना लागणारे दिवे, हे सगळं तुझंच आहे की. माझं मत विचारशील तर निवडणुकीच्या दिवशी जिथे असण्याची शक्यता जास्त, तिथेच नाव ठेवावं.

प्रश्न : मुलगा नागपूरला शिकतो आणि तो म्हणतो नाव तिकडे नेतो. गावच्या यादीतून नाव गेलं तर पुढे जमिनीला, रेशनकार्डाला काही अडचण येईल का? घरात यावरून वाद चालू आहे.

उत्तर : दादा, जमिनीचा आणि मतदार यादीचा काही संबंध नाही. जमिनीचा हक्क महसुलाच्या कागदांवरून ठरतो, रेशनकार्डाची नोंद वेगळी, मतदार यादीतलं नाव हलवल्याने यातलं काहीच आपोआप बदलत नाही. बदलतं ते एवढंच की ग्रामपंचायत, झेडपीच्या याद्या विधानसभेच्याच यादीतून तयार होतात, म्हणून नाव नागपूरला गेलं की गावच्या पंचायतीला तो मत देऊ शकणार नाही आणि तिथे उभाही राहू शकणार नाही. गावच्या राजकारणात त्याला खरंच रस असेल, सुट्टी काढून येत असेल तर नाव गावातच राहू द्या. पण केवळ भीतीपोटी अडवू नका, तो आता सज्ञान आहे, हा निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे, बारावीत. अठरा पूर्ण होईपर्यंत थांबायचंय का?

उत्तर : अजिबात नाही, सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. पूर्वी अठरा पूर्ण झाली का हे बघायला फक्त १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, म्हणजे फेब्रुवारीत अठरा झालेल्या मुलीला जवळजवळ वर्षभर थांबावं लागायचं. कायदा बदलला आणि ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. वयाच्या पुराव्याला जन्मतारीख असलेलं दहावीचं सर्टिफिकेट चालतं.

प्रश्न : आम्ही चौघं मिळून फ्लॅटमध्ये राहतो, हॉस्टेल नाही. लाईटबिल मालकाच्या नावावर, मालक भाडेकरार रजिस्टर करत नाही. आम्ही काय करायचं?

उत्तर : या पत्त्यावरचं बँकेचं पासबुक असेल तर ते चालतं, बँकेत पत्ता बदलून घेणं त्यातल्या त्यात सोपं. आधारवर हा पत्ता असेल तर तेही चालतं. यातलं काहीच नसलं तरी तेवढ्यावरून अर्ज बाद होत नाही, अशा वेळी बीएलओने, म्हणजे तुमच्या बूथच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याने, प्रत्यक्ष घरी येऊन खात्री करायची असते. म्हणून फॉर्मवर चालू मोबाईल नंबर द्या आणि अनोळखी नंबर दिसला म्हणून फोन कट करू नका.

प्रश्न : सगळं ऑनलाईन होतं मग मतदान का नाही? निदान आम्हाला पोस्टाने तरी पाठवू द्या.

उत्तर : तुझा वैताग पटतो मला. टपाली मत आज सैन्यदलातल्यांना, निवडणूक ड्युटीवरच्यांना, ८५ च्या पुढच्या ज्येष्ठांना, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना आणि काही अत्यावश्यक सेवेतल्यांना मिळतं, विद्यार्थी त्यात नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने दूरवरून मतदान करायच्या मशीनचा नमुना तयार झाल्याचं जाहीर केलं होतं, एकाच बूथवरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असा, जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं पण विरोधी पक्षांनी बऱ्याच शंका काढल्या. शंका रास्त होत्या, दुसऱ्या राज्यातल्या बूथवर छोट्या पक्षाने एजंट कुठून आणायचा हा साधा प्रश्न नाही. तरी घरापासून लांब असलेल्यांचा विषय अर्धवट राहणं मला बरोबर वाटत नाही, त्यावर मागणी करत राहिलं पाहिजे.

प्रश्न : मी एका कॉलेजात शिकवतो. आम्ही दरवर्षी २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी, शपथ घेतो, रॅली काढतो, पोस्टर स्पर्धा घेतो, तरी नोंदणी होत नाही. मुलांना रसच नाही का?

उत्तर : सर, राग मानू नका, पण मला तसं वाटत नाही. माझ्याकडे आलेल्या पत्रांत 'मला मत द्यायचं नाही' असं एकानेही लिहिलेलं नाही, सगळे विचारतायत की कुठे जायचं, कुठला फॉर्म, सही कोण देणार. शपथ घेतलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी बोनाफाईडसाठी खिडकीवर तीन चकरा मारायला लावल्या तर त्या शपथेचं काय होणार.

ॲडमिशनच्या वेळी मुलं सगळी कागदं घेऊन तुमच्यासमोर उभी असतात, फोटो, दहावीचं सर्टिफिकेट, आधार. त्याच टेबलाशेजारी अजून एक टेबल लावा, तिथे विचारा की अठरा झाली का, नाव कुठे आहे, इथे आणायचंय का. हॉस्टेलची रूम मिळतानाच आयोगाच्या नमुन्यातलं बोनाफाईड सही करून हातात द्या, मागायची वेळच येऊ देऊ नका. भागातल्या बीएलओंना एक दिवस कॅम्पसवर बोलवा. मतदार साक्षरता मंडळ असेलच तुमच्याकडे, २०१८ पासून ही मंडळं सुरू झालीत, त्यातल्या मुलांना पोस्टरऐवजी फॉर्म भरून द्यायला बसवा.

आणि परीक्षेचं वेळापत्रक. मतदानाच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी पेपर ठेवू नका, घरी जाऊन मत देणाऱ्यांना त्या दिवसांची हजेरी द्या. विद्यापीठाच्या परीक्षा तुमच्या हातात नसतील पण इंटर्नल, प्रॅक्टिकल, सबमिशन तर आहेत. हे सगळं निवडणूक जाहीर व्हायच्या आधी करायला लागतं, कारण उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख गेली की यादीत नवीन नाव घेताच येत नाही, आणि त्याआधी हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. टीव्हीवर प्रचार सुरू झाल्यावर जागं होणाऱ्या मुलाला बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

प्रश्न : यादीत नाव आहे पण कार्ड आलं नाही. कॉलेजचं आयडी चालेल का?

उत्तर : कॉलेजचं आयडी चालत नाही. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक यातलं एक ओरिजिनल घेऊन जा. महत्त्वाचं आहे ते यादीतलं नाव, ते आदल्या आठवड्यातच आयोगाच्या ॲपवर किंवा १९५० वर फोन करून बघून घे, बूथ पण कळेल. आणि मतदानाची वेळ संपायच्या आत रांगेत उभा असशील तर कितीही वेळ लागला तरी तुला मत देऊ द्यावंच लागतं, कुणी घरी जा म्हटलं तरी रांग सोडू नकोस.