आधी भर, मग दे

प्रिय पोरी,

काल रात्रीचा तुझा निरोप मी दोनदा ऐकला. रक्त देऊन नऊ दिवस झाले, करी रोडचा पूल चढताना मध्येच थांबावं लागतं, दुपारी खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि एवढं सांगून तू विचारतेस काय, तर केटो, म्हणजे तुझं ते भात-पोळी बंदचं डाएट, मोडू का? अगं, केटोचं नंतर बघू. त्या रविवारी शिबिरात टेबलावरच्या बाईंनी ‘खाऊन आलीस ना’ असं विचारलं, तेव्हा तू हो कशी म्हणालीस? आदल्या रात्री आठला जेवलेली तू सकाळी अकराला काळ्या कॉफीवर आलीस. निघताना हातात दिलेला बिस्किटांचा पुडा वॉचमनच्या मुलाला देऊन टाकलास. मुलाला दिलास ते छान, पण तुझ्या पोटात काय गेलं?

उपाशीपोटी किंवा उपवास चालू असताना रक्त घेऊ नये, असा आपल्याकडे नियमच आहे. तुझं ते सोळा तासांचं फास्टिंग म्हणजे उपवासच, त्याला इंग्रजी नाव दिलं म्हणून तो बदलत नाही. आधी भर, मग दे. मी तीस वर्षं सिस्टर म्हणून राबले, कितीतरी रविवार शिबिरांत घालवले, आणि माझ्यापाशी सांगण्यासारखं एवढंच आहे.

केटोच्या पहिल्या तीन आठवड्यांत चार किलो उतरले म्हणून तू पेढे वाटायला निघाली होतीस. त्यातलं बरंचसं पाणी होतं गं. यकृतात आणि स्नायूंत शरीर साखरेचा साठा ठेवतं, ग्लायकोजेन म्हणतात त्याला. त्याच्या एकेका ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी बंद झाली की तो साठा रिकामा होतो आणि पाणीही जातं. शिवाय इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवत नाहीत, ते लघवीवाटे निघून जातं. त्यात आपला ऑक्टोबर, लोकलमधला घाम. म्हणजे सुई टोचण्याआधीच तुझ्या शिरांमध्ये पाणी कमी होतं, आणि त्यातून ३५० मिली काढून घेतलं. चक्कर येईल नाहीतर काय होईल!

हे भरून काढायला केटो मोडावं लागत नाही. रक्त द्यायच्या अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी, त्यात लिंबू आणि पाव चमचा मीठ. त्याआधी घरून दोन-तीन अंडी किंवा मासे, जे चालतं ते पोटभर खाऊन निघायचं. नंतर जलसंजीवनी. साखरेला घाबरू नकोस, लिटरभर जलसंजीवनीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे एका ग्लासात तीन ग्रॅमसुद्धा नाही. तुझा रक्तदाब ठीक आहे म्हणून मिठाचं सांगते. तुझ्या आईला हे सांगू नकोस, तिची गोळी चालू आहे.

पण पाण्याचा तोटा एक-दोन दिवसांत भरतो. नऊ दिवसांनी पुलावर धाप लागते ती तांबड्या पेशींमुळे. त्या पूर्ववत व्हायला चार ते आठ आठवडे लागतात, आणि लोहाला त्याहून जास्त. ३५० मिलीमध्ये साधारण दीडशे मिलिग्रॅम लोह जातं. आपलं शरीर दिवसाला घेतं एक-दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलंही पाळीत जातं. आता हिशेब तूच कर. बायकांना दोन दानांमध्ये १२० दिवस ठेवायला सांगतात ते उगाच नाही. तू मासे-मटण खाणारी, तरी केटोच्या नावाखाली सकाळ-संध्याकाळ पनीर आणि चीज. त्यात लोह नावालाच.

शिबिरात बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघतात, १२.५ असलं की पुढे पाठवतात. साठा किती उरलाय ते त्यात दिसत नाही, त्यासाठी फेरिटिन तपासावं लागतं. हे मला माहीत होतं आणि तरी मी माझं तपासलं नाही. वर्षानुवर्षं दर चार महिन्यांनी दिलं. हिमोग्लोबिन १२.८ यायचं, त्यावर मी खूश. केस गळत होते, जिना चढवत नव्हता, मी म्हणायचे वय झालं. शेवटी फेरिटिन ९ निघालं, म्हणजे साठा जवळजवळ संपलेला. मला कुणी म्हणालं की तुझं चुकलं, तर अजून राग येतो. मे महिन्यात अर्धी मुंबई गावी जाते, रक्त द्यायला माणसं कमी पडतात. पिशवीतल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना सुट्टी नसते. मी समोर होते, मी दिलं. पण त्यानंतर दोन वर्षं मला देताच आलं नाही. सहा पिशव्या गेल्या त्या हट्टापायी. ते मात्र मला कबूल करावंच लागतं.

आणि एक आहे, ते अजून झोपू देत नाही. गणपतीतलं शिबिर होतं, रांग मांडवाबाहेर गेलेली. विशीतला एक मुलगा आला. उपवास आहे का, हे विचारायला मी विसरले नव्हते. मी टाळलं. हो म्हणाला असता तर परत पाठवावं लागलं असतं आणि पिशव्या कमी पडत होत्या. अर्ध्या तासाने तो जिन्यात कोसळला, भुवईवर चार टाके पडले. तुझा निरोप ऐकताना मला तीच भुवई दिसत होती. म्हणून ओरडते तुझ्यावर.

तर आता ऐक. जिम दोन आठवडे बंद, चालणं पुरे. आठवड्यातून दोनदा कलेजी, मधे कोळंबी, अंडी. चहा जेवणाला लागून नको, तासभर जाऊ दे, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. सोमवारी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, आणि फेरिटिन करून घे, गोळी लागली तर डॉक्टर देतील, स्वतःहून आणू नकोस. बसल्या जागी धडधडलं किंवा पुन्हा अंधारी आली तर सोमवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं. चार महिन्यांनी मला परत शिबिरात दिसायचं असेल तर आधी भर.

शनिवारी घरी ये. तुझ्यासाठी अळीव भिजत घालते, नारळाच्या दुधात, गूळ न घालता. आणि येताना पूल चढू नकोस, खालून रिक्षा मिळत नाही आपल्याकडे, टॅक्सी कर. पैसे मी देईन.

तुझी
मावशी